कडब्याचं पाणी आणि उपाशी पट्टी

भूकंपानं आमच्या गावातली घरं पाडली आणि घरं बांधायच्या कामानं आमच्या रानातली खुरपी पळवली. पहिल्या गोष्टीवर पुष्कळांनी लिहिलं. दुसरीवर कुणी लिहिलं नाही. बाहेरून येणारे पाहुणे गाडीतून उतरत, पडक्या भिंतीसमोर उभं राहून फोटो काढत, हळहळत आणि चहा घेऊन जात. गव्हात माजलेल्या तणासमोर उभं राहून हळहळायला कोण येणार?

आमचं गाव निलंग्याच्या अलीकडचं. माणसं वाचली, दगडमातीचं घर मात्र एकही उभं राहिलं नाही. नवं गाव माळावर बसवलं, जुन्या गावापासून इतकं लांब की रानात पोचेपर्यंत सकाळची भाकरी जिरून जाई. ज्यांनी आखणी केली त्यांनी गल्ल्या अगदी सरळ आखल्या. रानं कुठं आहेत हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

त्या बांधकामावर मजुरी मिळे, आठवड्याला रोख. आमच्या भागात खुरपणी बायकांची. त्या सगळ्या खडी वाहायला गेल्या. मी त्यांना बोल लावत नाही. वाकून दिवसभर गवत उपटण्यापेक्षा ताठ उभं राहून घमेलं वाहणं बरं, वर मजुरी जास्त. त्यांच्या जागी मी असते तर पहिल्या दिवशीच गेले असते. पण झालं असं की दुसऱ्या वर्षी आमच्या गव्हात गहू शोधावा लागला. चंदनबटवा कमरेला लागत होता, पाथर पसरली होती, हरळीनं तर बांध सोडून आत संसार थाटला होता.

आमचे हे तेव्हा उमरीला शाळेत शिक्षक होते. एका खोलीत राहत, सणासुदीला येत. शेतीबद्दल त्यांची मतं पक्की होती, कारण शेतीशी त्यांचा संबंध सुट्टीपुरता होता. धाकटे दीर लातुरात एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवत. लातुरात तेव्हा क्लासचं असं पीक आलं होतं की आमच्या तणानं मान खाली घालावी. जिन्यावर क्लास, जिन्याखाली क्लास, म्हशी विकून गोठा सारवून घेतला की तिथंही क्लास. देवणी, हदगाव, कुठकुठली पोरं लोखंडी पेट्या घेऊन उतरत आणि सगळी डॉक्टर व्हायलाच येत. आजारी कोण पडणार याचा विचार कुणी केलेला नव्हता.

या पोरांना जेवण लागे. तिथं माझा नंबर लागला.

दिवाळीला सगळे जमले तेव्हा विषय निघाला. आमच्या बांधाला लागून चुलत सासऱ्यांचं रान. ते आमचं रान बटईनं करायला तयार होते, म्हणजे कसणार ते आणि निम्मं पीक आम्हाला. मग सासूबाई आणि मी लातूरला जायचं, दिरांनी एक चार खोल्यांचं घर बघून ठेवलंच होतं, आणि तिथं खाणावळ चालवायची. माझ्याशिवाय सगळ्यांना ही योजना फार आवडली.

"वैनी, दोन टायम नुस्त्या पोळ्या-भाजी," दीर म्हणाले. "तुमच्यासाठी तर हातचा मळ हाय."

"मग तो मळ तुम्हीच काढा की भावजी. हात तुम्हालाबी हायत."

ह्यांनी खाकरून घेतलं. याचा अर्थ, बाईनं एवढं बोलू नये. मी बोलले. म्हटलं, माझ्या नणंदेच्या लग्नापासून हे रान मी बघते. दोन वर्षं तणानं खाल्लं, कबूल. ही एक रब्बी द्या. संक्रांतीला सगळ्यांनी येऊन गहू बघा. रान स्वच्छ असलं तर ते माझ्याकडं राहील. घाण असलं तर मी पोळपाट उचलते आणि लातूरची गाडी धरते.

रान सासूबाईंच्या नावावर होतं. मी त्यांना आत्याबाई म्हणे. सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्या दाताला मिश्री लावत होत्या. सावकाश थुंकून आल्या आणि म्हणाल्या, "मला काय. जिथं भाकर तिथं मी." या बाईनं आयुष्यात कुठल्याच बाजूनं आधी मत दिलं नाही आणि म्हणूनच शेवटचं मत कायम त्यांचं असे.

आता खुरपायला बायका नाहीत, मग तण काढायचं कसं? दुकानात तणाचं औषध मिळत होतं. चुलत सासऱ्यांनी ते आदल्या साली मारलं होतं. त्यांच्या गव्हातलं तण मेलं, हे खरं. पण मारताना वारा सुटला आणि ते उडून आमच्या हरभऱ्यावर आलं. हरभऱ्याचे शेंडे असे पिळवटले, जणू कुणी ओले कपडे पिळून वाळत घातलेत. "वाऱ्याला मी काय बोलू?" असं त्यांचं म्हणणं होतं. यंदाही माझ्या गव्हाला लागून माझाच हरभरा होता, म्हणून ते औषध नको.

उपाय काढला तो दिरांनी. मला खाणावळीत बसवायला निघालेला माणूस मलाच वाचवायला आला, याचं मला नवल वाटलं नाही. त्यांना कशाचंही उत्तर माहीत असलं की ते दिल्यावाचून चैन पडत नसे, मग प्रश्न कुणाच्याही फायद्याचा असो.

"वैनी, ज्वारीच्या रानात गहू टाकला की तो मरगळतो का न्हाई?"

"मरगळतो. ज्वारी रान कडू करती म्हणतात."

"तेच. ज्वारी तिच्या मुळांतून, ताटांतून असं काही सोडती की शेजारचं बारीक बी उठत न्हाई. मी कुठल्याशा मासिकात वाचलंय. कडबा भिजवून ते पाणी काढायचं, आटवायचं आन् कोवळ्या तणावर मारायचं."

"मग गव्हाला न्हाई का लागणार?"

"गहू मोठा झालेला, तण बारीक. मात्रा बरोबर ठेवली तर गहू सोसतो."

'मात्रा बरोबर ठेवली तर' हे शब्द माणसं नेहमी सगळ्यात हळू आवाजात म्हणतात.

पण पटलं मला. कडबा घरचा, पाणी विहिरीचं, वारा सुटला तरी हरभरा पिळवटणार नाही. खळं झाल्यावर राहिलेला जुन्या हायब्रीड ज्वारीचा कडबा होता. त्याची कुट्टी केली, टिपाडात भिजत घातली, एक दिवस ठेवून जुन्या लुगड्यातून गाळली आणि गुऱ्हाळावरून मागून आणलेल्या काहिलीत आटवली. काळ्या चहासारखं झालं. वास असा की काकवी करायला घेतली आणि मध्येच मन बदललं. आमचा देवणी बैल दावणीवरून त्या टिपाडाकडं अशा नजरेनं बघे की मला दुसरीकडं तोंड करून काम करावं लागे. त्याचं ताट मी भिजवत होते, दुसरं काय.

चुलत सासरे बांधावर येऊन उभे राहिले. "सूनबाई, कडबा बैलाला घालायचा सोडून टिपाडाला घालायलीस का?"

"व्हय. टिपाड गाभण हाय."

त्यानंतर ते बरेच दिवस बांधावर आले नाहीत.

गहू वीतभर वर आला, तण दोन-दोन पानांवर होतं, तेव्हा दीर रविवारी आले आणि आम्ही पाठीवरच्या पंपानं ते पाणी मारलं. म्हणजे दिरांनी पंप कसा धरायचा हे सांगितलं आणि मी मारलं. बांधाकडची एक पट्टी मात्र त्यांनी सुतळी लावून वेगळी काढली. तिच्यावर थेंबही पडू द्यायचा नाही.

आत्याबाई न्याहारी घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ही पट्टी काहून सोडली?"

"ती तुलना करायला हाय, आई. न मारता कसं दिसतं ते कळाया पायजे."

"म्हंजी तिला उपाशी ठेवायची."

"उपाशी न्हाई गं. शास्त्र हाय हे."

"तीन लेकरं जेवाया बसवायची आन् चौथ्याला नुस्तं बघत बसवायचं. काहून, तर बाकीच्यांचं पोट भरलं का न्हाई ते कळावं म्हून. व्हय ना?"

क्लासमध्ये शंभर पोरांसमोर न अडखळणारे दीर तिथं अडखळले. "तसंच, पण तसं न्हाई," म्हणाले. आत्याबाईंनी भाकरीचं फडकं सोडलं आणि विषय त्यांच्या बाजूनं संपला. तो संपलेला नव्हता, हे पुढं कळलं.

पाण्याचा गुण आला. चमत्कार झाला नाही, पण गुण आला. बारीक तण पिवळं पडून खुरटलं. जे आधीच अंग धरून होतं ते जरा रुसलं, एवढंच. हरळीला कळलंसुद्धा नाही की तिच्यावर काही मारलंय. उपाशी पट्टीत मात्र चंदनबटवा असा तरारला होता की बांधावरूनही फरक दिसे. दीर पुढच्या रविवारी आले, फरक बघून हरखले, कुठल्यातरी सभेत बोलावं तसं माझ्याशी बोलले. येळवशीच्या दोन दिवस आधी आम्ही दुसरा हात मारला. काहिलीतलं घट्ट पाणी थोडं उरलं, ते घागरीत भरून कडब्याच्या खोपीत ठेवलं. पुढं लागलं तर पाणी घालून वापरू म्हणून.

येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. हा आमचा लातूरकडचा सण, नांदेडच्या पलीकडं गेलं की लोक विचारतात हे काय. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळे रानात. कडब्याची खोप करायची, आत पाच दगड मांडून पूजा करायची, आणि ज्वारीचं पीठ ताकात शिजवून आंबवलेलं आंबील साऱ्या पिकावर शिंपडत रानाला फेरी घालायची. कानडीतून आलेली एक आरोळी असते, तिचा अर्थ कुणाला ठाऊक नाही, म्हणून सगळे ती मोठ्यानं देतात. एकही कोपरा सुटता कामा नये. रान वर्षभर आपल्याला घालतं, त्या दिवशी आपण रानाला घालायचं, असा हिशोब.

माझ्या नणंदा, भावकीतल्या जावा, चुलत सासऱ्यांकडच्या सुना, सगळ्या आल्या. चूल पेटली. येळवशीची भज्जी म्हणजे कोवळे दाणे आणि पाला एकत्र शिजवलेली भाजी, जितका हिरवा पाला तितकी ती गोड. पाला आणायला बायका उठल्या, तशी मी चुलीपासून ओरडले, "गव्हातला तोडू नगा, औषध मारलंय!"

त्या गेल्या आणि ओटे भरभरून चंदनबटवा अन् पाथर घेऊन आल्या.

"कुठनं आणलं?"

"त्या सुतळीच्या पट्टीतून. तूच म्हणलीस ना, बाकी रानात औषध हाय?"

आता यात कुणाची चूक काढायची? एवढ्या बायकांनी एवढीशी पट्टी एका भज्जीसाठी अशी वेचली होती की रोजानं लावल्या असत्या तरी इतक्या निगुतीनं वेचली नसती. मी दिरांना सांगितलं, भावजी, तुमच्या तुलनेची भाजी झाली. त्यांच्या तोंडात बाजरीचा वाफवलेला उंडा होता, दुसऱ्या हातात भज्जीची वाटी.

"थोडं उपटल्यानं काय होत न्हाई वैनी," ते म्हणाले. "पुन्हा फुटतंय ते. लई झकास झाली भज्जी. कशाची हाय?"

"तुमच्या वैऱ्याची," मी म्हटलं, आणि त्यांना आणखी वाढली.

दुपारी आत्याबाई आंबिलाचं मडकं घेऊन, लिंबाच्या डहाळीनं शिंपडत फेरीला गेल्या. त्यांचा मान तो. आम्ही मागनं आरोळ्या देत गेलो. फेरी झाली, बायका गाड्यांत बसल्या, मी चूल विझवली, आणि आत्याबाई "उरलेलं घालून येते" म्हणून पुन्हा एकट्या रानात गेल्या. मला वाटलं, आंबील उरलं असेल.

संक्रांतीला ठरल्याप्रमाणे सगळे आले. हे उमरीहून, दीर लातुरातून, चुलत सासरे बांधावरून. ते तर स्वच्छ धोतर नेसून आले होते, जणू रान त्यांना त्याच दिवशी ताब्यात मिळणार होतं. मी तिळगूळ दिला. सगळ्यांनी गोड खाल्लं. गोड बोलायचं बाकी राहिलं.

फवारलेल्या गव्हात तण होतं. थोडं, खुरटलेलं, पण होतं. चुलत सासऱ्यांनी एकेक रोप पायानं दाखवत मोजायला घेतलं. मग आम्ही सुतळीच्या पट्टीपाशी आलो. ती पट्टी अशी स्वच्छ होती की तिथं पंगत बसवावी.

चुलत सासरे दिरांकडं बघून हसायला लागले ते थांबेचनात. "मास्तर! म्हंजी औषध मारल्यालं रान घाण आन् न मारल्यालं रान साफ? आरं लई मोठा शोध लागला की! आता पोरांला शिकवा, काहीच करू नगा, सगळं आपोआप होतंय."

"अवो काका, इथलं तण बायकांनी..." दीर सुरू झाले.

"उपटलं. ठाव हाय. पण पंधरा दिवस झाले की. पुन्हा फुटलं न्हाई? तूच म्हणला व्हतास म्हणं, पुन्हा फुटतंय." येळवशीच्या पंगतीतलं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलेलं होतं. आमच्याकडं टपालापेक्षा सुना वेगवान.

हे माझ्याकडं न बघता म्हणाले, "मग ठरल्याप्रमाणं करावं आता." शिक्षकांना निकाल लावायची घाई असते.

मी गव्हाकडं बघत होते. त्या पट्टीतल्या गव्हाचे शेंडे पिवळे होते, काही तर करपल्यासारखे. बाकी रानात असे शेंडे नव्हते. दिरांनाही ते दिसलं. ते खाली बसले, एक पान खुडलं, हुंगलं.

"वैनी, इथं औषध पडलंय. आन् तेबी घट्ट."

"पडलंय न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "म्या घातलंय."

सगळे त्यांच्याकडं वळले. त्या बांधावर बसल्या होत्या, पदरात तिळगूळ होता, एकेक करून तोंडात टाकत होत्या.

"येळवशीला साऱ्या रानाला दिलं आन् हिला न्हाई? बायकांनी हिचा पालाबी वरबाडून नेला व्हता. खोपीतली घागर घेतली, उरलेलं आंबील तिच्यात वतलं आन् घातलं हिला. आंबीलबी ज्वारीचं, तेबी ज्वारीचं. लेकराला का कुणी आसं उपाशी ठेवतंय?"

दिरांनी कपाळाला हात लावला. त्यांचं शास्त्र त्यांच्या आईनं देवाधर्माच्या हातानं मोडून टाकलं होतं. चुलत सासरे म्हणाले, "म्हंजी परीक्षाच रद्द झाली. रद्द झाली म्हंजी नापास."

तेव्हा मी बोलले, कारण पोळपाट माझ्याच डोक्यावर लटकत होता.

म्हटलं, रद्द कसली, जे कळायचं ते कळलं की. बाकी रानात नुस्तं पाणी मारलं, तिथं तण खुरटलं पण गेलं नाही. या पट्टीत आधी हातानं उपटलं आणि लगेच वर पाणी पडलं, तर नवं तण उठलंच नाही. घट्ट पडलं म्हणून शेंडे करपले, तेवढं सौम्य करायचं. म्हणजे मला दोन-तीन खुरपण्यांच्या बायका नकोत. एका खुरपणीच्या हव्यात, मागून पाणी मारायला मी आहे. आणि एका खुरपणीपुरत्या बायका मला मिळतात. बाजाराच्या दिवशी बांधकाम बंद असतं. चंदनबटवा ज्याचा त्यानं घरी न्यायचा आणि वर रोजगार, असं म्हटलं तर त्या येतील. येळवशीला तर फुकट आल्या होत्या.

ह्यांनी विचार केल्यासारखा चेहरा केला. दीर म्हणाले, "वैनीचं बरोबर हाय," आणि मग त्यांना आठवलं की हे बरोबर असलं तर त्यांच्या खाणावळीचं काय. तो चेहरा मी आजही विसरलेली नाही. माझ्यासाठी स्वतःच्या तोट्याचं खरं बोललेला आमच्या घरातला तो पहिला पुरुष. चुकून का होईना.

"पण वैनी," चुलत सासरे आत्याबाईंना म्हणाले, "दिवाळीला सगळ्यांसमोर बोलणं झालं व्हतं. रान घाण दिसलं तर बटईनं. मग आता दिसतंय ना?"

आत्याबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, नेहमीसारख्या सावकाश.

"ज्या रानाला येळवशीला माझ्या हातानं घातलं, त्ये संक्रांतीला दुसऱ्याच्या हातात देऊ? आन् तुम्हाला रान पायजे ना, तर आधी तुमचं औषध तुमच्याच रानात ठेवा. माझ्या हरभऱ्याला मागल्या साली कुणी वतलं व्हतं? त्याला आंबील घालाया तर म्या कुणाला सांगितलं नव्हतं."

मग धाकट्या लेकाकडं वळल्या. "त्या पोरांला पोळ्या कोण घालंल ते तुझं तू बघ बाबा. ही रानात ऱ्हाईल. आन् मी हिच्यापशी."

तिळगुळाचा शेवटचा खडा त्यांनी चुलत सासऱ्यांच्या हातावर ठेवला. गोड बोला, असं म्हणाल्या नाहीत.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बायका आल्या. गहू फार काही अफाट झाला नाही, चांगला झाला. उपाशी पट्टीतला सगळ्यात हलका निघाला, दाणे बारीक. जास्त जेवू घातलं की असंच होतं. आत्याबाईंनी तोच वेगळा काढून घरच्या भाकरीत मिसळला, कारण तो त्यांचा होता. त्यानंतर दर रब्बीला मी एक खुरपणी आणि मागून पातळ केलेलं कडब्याचं पाणी, हेच करत आले. पट्टी कुणी सोडली नाही. सोडायला निघणाऱ्यालाच आत्याबाईंनी शिंपडलं असतं.

दिरांनी उदगीरचं एक जोडपं आणून खाणावळ काढली. ती धो धो चालली. गहू आमच्याच रानातला जाई. पोती मीच भरून गाडीवर चढवून देत असे आणि वरून सांगे, निवडून घ्या, चंदनबटव्याचं बी आलं असेल. लातुरातली कितीतरी पोरं त्या गव्हाच्या पोळ्यांवर डॉक्टर झाली. त्यातली एकही पोळी मी लाटलेली नाही.